हलकी बंदूक

"कुठला खांदा मोडलाय म्हणालात?" सुभेदारांनी विचारलं.

"उजवा. सायकलवरून पडलो होतो. पुढचं हाड वाकडं जुळलंय."

"आणि तुम्हाला बारा बोअर पाहिजे?"

मला नको होती. मला कुठलीच बंदूक नको होती. बारा बोअर हवी होती ती दौलतरावांना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला. ते माझ्या मागेच उभे होते आणि हसू दाबायला मिशी चावत होते. परवाना त्यांनीच खटपट करून माझ्या नावावर काढून दिला होता. भुदरगडच्या डोंगरात कुरणवाडीला सरनोबतांचं घर. त्या घराची रीत अशी की दसरा झाला की दुसऱ्या दिवशी रानडुकराची शिकार, आणि त्या शिकारीत जावई बंदूक घेऊन उभा राहिलाच पाहिजे. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी तापाचं निमित्त काढून सुटलो होतो. दुसऱ्या दसऱ्याला ताप येणार नाही याची व्यवस्था दौलतरावांनी केली आणि मला थेट कोल्हापूरला सुभेदारांच्या या बंदुकांच्या दुकानात आणून उभं केलं.

मी गारगोटीला पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचो. माझ्या हाताला पेन्सिलीपेक्षा जड वस्तूची सवय नव्हती.

"धरा पावणं, मर्दाची बंदूक हाय," दौलतरावांनी काउंटरवरची बारा बोअर उचलून माझ्या हातात दिली. "लाथ मारती जरा. पर मारून मारून किती मारंल?"

सुभेदारांनी मला डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगितली आणि मग म्हणाले, "आता उघडा. काय दिसतं?"

"नळ्यांची मागची बाजू. आणि माझा अंगठा."

"म्हणजे मागचा लाकडी दस्ता तुम्हाला लांब पडतो. वजनानं पुढचा हात खाली जातोय. अशी उडवलीत तर डुक्कर राहील बाजूला, तुम्हीच उताणे पडाल."

सुभेदार सैन्यातून निवृत्त झालेले होते. त्यांचं बोलणं कडक, पण त्यात टवाळी नव्हती. त्यांनी आतल्या कपाटातून दुसरी बंदूक आणली. तिच्याही दोन नळ्या शेजारी शेजारी होत्या, पण सगळं अंग सडपातळ. वीस बोअर, आकडा मोठा तशी नळी बारीक. मी ती डोळे मिटून खांद्याला लावली आणि उघडले तर दोन नळ्यांमधली पट्टी सरळ पुढं गेलेली आणि तिच्या टोकाला चिमुकला मणी नेमका मधोमध. कोपराच्या खोबणीत दस्ता ठेवला तर बोट बरोबर चापावर येत होतं. खांदा दुखला नाही. पहिल्यांदाच मला वाटलं, ही घेऊन मी निदान उभा तरी राहू शकेन.

"ही," मी म्हणालो.

"ही?" दौलतरावांना राहवेना. "अवो, ही चिमण्या हाकलायची बंदूक! समोर डुक्कर आलं तर ह्यातनं काय त्याला गुदगुल्या करणार?"

"जवळून असेल आणि गोळीचं काडतूस असेल तर डुक्करही पडतं," सुभेदार म्हणाले. "पण मारणारा घाबरला नाही तर."

दौलतराव हसत हसत समोर चहा सांगायला गेले. ते गेल्याबरोबर सुभेदारांनी आवाज उतरवला.

"त्यांच्या घरात बारा आहे ना? वडिलांची?"

"हो. जुनी, बाहेरून अंगठ्यानं घोडे चढवायची."

"मग तुम्ही ही घेऊ नये असं मी सांगेन. खांद्याला रबराची गादी लावून देतो, पण बाराच घ्या. एका घरात दोन मापं नकोत."

त्यांनी एक जुनी बारा बोअर मोडून, म्हणजे मधल्या बिजागरीवर उघडून, माझ्यापुढं धरली आणि खणातलं वीसचं काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं. पिवळ्या कागदाचं, बुडाला पितळ. "टाका नळीत."

मी टाकलं. ते नळीच्या तोंडाशी थांबलं नाही. टुप असा आवाज झाला आणि आत नाहीसं झालं.

"गेलं कुठं?" त्यांनी विचारलं.

"आत."

"पुढं जाऊन अडकलंय. मागून घाईत बघाल तर नळी मोकळी वाटते. आता बंदूक मिटवून चाप ओढलात तर काय होईल? काही नाही. नुसतं टक् वाजेल. माणूस म्हणतो, काडतूस भरायलाच विसरलो वाटतं. मग तो दुसरं भरतो. बाराचं. ते मात्र तोंडाशी नीट बसतं. चाप ओढला की ते पुढच्यावर जाऊन आदळतं आणि नळीच फुटते." काउंटरखालून सुभेदारांनी नळीचा एक तुकडा काढला. सोललेल्या केळासारखं त्याचं पोलाद चहूकडे उलटलेलं होतं. "हे ज्यांचं, त्यांना डावा हात नाही आणि एक डोळा नाही. ते वाचले म्हणून नशीबवान म्हणायचं."

मी त्या तुकड्याकडे बघत राहिलो.  शहाण्या माणसानं तिथंच बारा बोअर घेतली असती. पण लाथ माझ्या खांद्याला बसणार होती, आणि सुभेदार जे सांगत होते ते कुणाच्या तरी घरी कधी तरी घडलेलं होतं. माणूस जवळच्या भीतीपासून पळतो. मी वीसच घेतली.

परतीच्या एसटीत मी दौलतरावांना सगळं सांगितलं. नळीचा तो तुकडाही हातांनी करून दाखवला.

"आमच्यात कुणी आंधळं न्हाई पावणं," ते म्हणाले. "लाल काडतूस माझं, पिवळं तुमचं. एवढं शेंबडं पोरबी वळखंल."

*

खंडेनवमीला सरनोबतांच्या देवघरात पाटावर हत्यारं मांडली गेली. तलवार, विळे, कुऱ्हाडी, त्यांची बारा बोअर आणि माझी नवी बंदूक. माझी पिवळी काडतुसं मी आठवणीनं वेगळ्या ताटलीत ठेवली. मग मी बाहेर सोप्यात जाऊन बसलो.

मी बाहेर गेल्यावर सासूबाईंनी काय केलं ते मला पुष्कळ नंतर कळलं. त्यांना मी मामी म्हणायचो. त्यांनी दोन ताटल्या पाहिल्या आणि दोन्हीतली काडतुसं एकाच ताटात ओतली. एका घरातली हत्यारं देवापुढं सवती, वेगवेगळी मांडली तर घर फुटतं अशी त्या घरात समजूत होती. पितळेची भांडी त्या मांडत तशीच त्यांनी ती काडतुसं गोल मांडली, त्यांच्यावर हळद-कुंकू वाहिलं, झेंडूच्या पाकळ्या आणि आपट्याची पानं घातली. दसरा होऊन शिकारीला निघेपर्यंत त्या पाटावरच्या कशालाही हात लावायचा नाही हा नेम होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवघरात जमलो. आता मुख्य मान होता माहेरवाशिणीचा. घरच्या लेकीनं पूजेचं काडतूस स्वतःच्या हातानं उजव्या नळीत टाकायचं, बंदुकीच्या धन्यानं देवाकडे बघत ती मिटवायची, आणि मग पहिला बार होईपर्यंत ती उघडायची नाही. तोवर डावी नळीही मोकळीच ठेवायची, कारण पहिला बार देवाचा. आजवर हा मान दौलतरावांच्या आत्याचा होता. त्या आता अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून त्या वर्षी तो हौसाकडे आला.

हौसा माझी बायको. ती चार दिवस आधीपासून नको म्हणत होती.

"माझ्या हातानं नको, दादा. वहिनीला टाकू दे."

"वहिनी लेक हाय काय ह्या घरची?"

"माझ्या हाताला यश नाही. तुला ठावं हाय."

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. हौसा लहान असताना धाकटा भाऊ रघू तिच्याजवळ खेळायला ठेवला होता. ती विहिरीवर धुणं धूत होती. पिळा झटकून मागे वळली तेवढ्यात पोरगं पाण्यात गेलं. कुणी तिला बोल लावला नाही, पण तेव्हापासून तिनं कुणाचं तान्हं पोर कडेवर घेतलं नव्हतं. 

"म्हणूनच तू टाकायचं," दौलतराव म्हणाले. "तुझ्या हातचा बार होऊ दे एकदा. मग बघतो कुठलं अपयश ऱ्हातंय ते."

देवघरात कापराचा धूर दाटला होता. हौसानं डोक्यावरून पदर घेतला, डोळे मिटून ताटातल्या पाकळ्यांत हात घातला आणि हाताला आलं ते हळदीनं माखलेलं काडतूस भावाच्या बंदुकीत सोडलं. दौलतराव देवाकडे बघत होते. मी माझ्या बंदुकीच्या खटक्याशी झटत होतो, नवी असल्यानं ती उघडायला जड होती. टुप असा बारीक आवाज झाला. तो माझ्या कानावर आला आणि गेला. मला त्या वेळी एकच काळजी होती, आपल्याला डुकरासमोर उभं राहायचंय. मग तिनं माझ्या बंदुकीत काडतूस टाकलं, मी ती मिटवली, आणि आम्ही देवाला हात जोडून बाहेर पडलो.

उंबऱ्याशी हौसा मला म्हणाली, "जपून हां. आणि दादाच्या जवळच उभे राहा."

*

डोंगराच्या एका अंगाला कारवीचं दाट रान होतं. हाकारे खालून डबे वाजवत, कुत्री घेऊन वर येणार आणि डुक्कर वरच्या माळाकडे फुटणार, तिथं आम्ही. हाक्याचा म्होरक्या पांडबा, जिभेनं तिखट म्हातारा, त्यानं मला जागा दाखवली.

"पावणं, हितं दगडामागं ऱ्हावा. दौलतराव तितं, आंब्याच्या सावलीला. हाक चालू झाली की तोंडातनं हूं का चूं काढायचं न्हाई. शिकारीवर जो बोलला त्याला गावात वर्षभर तोंड दाखवता येत न्हाई. आन् धोतरात मुतू नगा."

"पँट आहे माझी," मी म्हणालो.

"मग तर लईच जपा."

दौलतराव माझ्यापासून वीसेक पावलांवर होते. आंब्याच्या सावलीतही त्यांची पांढरी टोपी, हात आणि नळ्या दिसत होत्या. खालून डबे वाजायला लागले. मी माझी बंदूक इतकी घट्ट धरली होती की बोटं बधिर झाली.  मला तिथून निघून जायचं होतं. आजही सांगताना लाज वाटत नाही. रानात काडी मोडली तरी मी दचकत होतो.

मग कारवी हलली.

डुक्कर मोठं नर होतं. काळं, पाठीवर केस उभे, आणि सुळ्यांना लाल माती लागलेली. ते धावत आलं नाही. बाहेर येऊन उभं राहिलं आणि वास घेत मान हलवायला लागलं. ते दौलतरावांच्या समोर होतं, माझ्याकडे त्याची कूस. मी श्वास रोखला. दौलतरावांनी घोडा चढवलेला मला दिसला. त्यांनी नेम धरला.

टक्.

एवढाच आवाज आला. डुकराचे कान फिरले आणि ते मागे वळून कारवीच्या तोंडाशी जाऊन थांबलं. खालून हाकारे येत होते, तेव्हा त्याला परत वरच यावं लागणार होतं. दौलतरावांनी बंदूक मोडली. आंब्याच्या गर्द सावलीत त्यांनी नळीवर एक नजर टाकली, माझ्याकडे पाहिलं आणि हसून मान हलवली. ओठांनीच म्हणाले, "टाकलंच न्हाई हिनं." मग कमरेच्या पट्ट्यातलं लाल काडतूस काढून भरलं, बंदूक मिटवली आणि घोडा चढवला.

टक्. आणि त्याच्या आधी, सकाळी, टुप.

त्या क्षणी मला तो आवाज कुठं ऐकला होता ते आठवलं. सुभेदारांच्या दुकानात, माझ्याच हातून.  काडतूस टाकलं नव्हतं असं नाही. तिनं टाकलं होतं, ते आत होतं, आणि आता त्याच्यामागे दुसरं होतं.

मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. स्वप्नात येत नाही तसा. दौलतरावांचा गाल दस्त्याला टेकलेला होता, डावा हात नळ्यांखाली होता, नेमका तिथं जिथं तो सुभेदारांच्या त्या गृहस्थाचा असेल. डुक्कर पुन्हा बाहेर आलं. या खेपेला ते धावत आलं.

"नको!" माझ्या तोंडून अखेर निघालं. "दौलतराव, नको!"

त्यांनी ऐकलं असेल, पण शिकारीवर बायका-पोरांसारखं ओरडणाऱ्या जावयाकडे कोण लक्ष देतो. नळ्या डुकराबरोबर फिरत होत्या. मग मी बंदूक टाकली आणि पळालो. कुठं पळतोय हे मला नीट कळत होतं, तेच जास्त भयंकर होतं. नळ्यांच्या समोर गेलो तर ते चाप ओढणार नाहीत. आणि चुकून ओढलाच तर समोर मी. मागून डुकराचे खूर वाजत होते. मला मरायचं नव्हतं, अजिबात नव्हतं. मी पळताना रडत होतो असं दौलतराव नंतर म्हणाले.

मी त्यांच्यावर जाऊन आदळलो, दोन्ही हातांनी नळ्या आभाळाकडे उचलल्या आणि त्यांना मिठीच मारली. काही तरी माझ्या पोटरीला घासून गेलं, पँट टराटर फाटली, आणि डुक्कर आमच्या शेजारून माळाकडे निघून गेलं.

"काय केलंसा हे!" दौलतराव मला ढकलायला लागले. "हातातलं जनावर गेलं! याड लागलंय काय तुमाला?"

"बंदूक उघडा."

"सोडा मला!"

"घोडा हळूच उतरवा. उघडा. पाया पडतो तुमच्या, उघडा."

माझा चेहरा बघून असेल, त्यांनी घोडा अंगठ्यानं धरून उतरवला आणि बंदूक मोडली. लाल काडतूस काढलं. मी त्यांना सावलीतून बाहेर ओढलं आणि नळ्या आभाळाकडे धरायला लावल्या. डाव्या नळीत उजेडाचा लख्ख गोल होता. उजव्या नळीत काही नव्हतं. नुसता अंधार.

दौलतराव किती तरी वेळ त्या अंधारात बघत राहिले. मग त्यांनी कारवीची सरळ काठी तोडली, पुढच्या तोंडानं आत घातली आणि हळूहळू रेटली. मागून माझं पिवळं काडतूस बाहेर आलं. त्याच्यावर हळद होती आणि बुडाच्या पितळेला कुंकवाचं बोट.

ते मटकन खाली बसले. 

"हौसानं टाकलं," ते म्हणाले.

"हो."

"तिच्या हातनं मी..." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "रघूनंतर आता मी. पावणं, ती जगली नसती."

मी त्यांच्याजवळ बसलो. माझी पोटरी सोलपटली होती आणि मोज्यात रक्त उतरत होतं. खालून हाकाऱ्यांच्या हाका जवळ येत होत्या.

"आता हिला सांगायचं काय?" त्यांनी विचारलं. "बार का झाला न्हाई म्हणून?"

"काहीच नाही. मी भ्यालो म्हणून सांगायचं."

"पावणं, गाव तुमची राळ उडवंल. पांडबा हाय तो."

"मी भ्यालोच होतो," मी म्हणालो. "त्यात खोटं काय आहे?"

मी ते काडतूस रुमालात गुंडाळून खिशात घातलं. तेवढ्यात पांडबा कारवीतून वर आला. तो आधीच हसत होता.

"आमी त्या खडकावनं सगळं बघितलं! बंदूक टाकली, वरडत सुटलं, आन् थेट सरनोबतांच्या गळ्यात! अवो, नवी नवरीबी एवढी मिठी मारत न्हाई!"

हाकारे पोट धरून हसले. दौलतरावांच्या मानेची शीर ताठ झाली, ते उठायला लागले. मी त्यांचा दंड दाबला.

"डुक्कर फार मोठं होतं हो, पांडबा," मी म्हणालो.

*

गारगोटीला परत जाताना बैलगाडीत हौसा माझ्या पोटरीला हळद लावत होती. 

"एवढं भ्यायचं का हो?" ती म्हणाली. "दादानं चाप ओढला असता तर तुम्हाला लागलं असतं."

"भ्यालो खरा."

"आई म्हणाली, पूजेचं काडतूस वाया गेलं. मी मात्र देवाला हात जोडले. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्या हातचा बार, काय होतंय न काय. पण सगळी धडधाकट घरी आली. आता मला तेवढं भ्या वाटत नाही."

ती हसली. लग्नानंतर इतकं मोकळं हसलेली मी तिला तेव्हा प्रथम पाहिली. त्याच हिवाळ्यात शेजारणीचं तान्हं पोर तिनं आपणहून मांडीवर घेतलं. मी नकाशावर रेघ मारत होतो, ती रेघ तशीच राहिली.

ते काडतूस मी वेदगंगेच्या डोहात टाकून दिलं. पण माझी गोष्ट काही बुडाली नाही. बाजारात, लग्नात, एसटीच्या थांब्यावर कुरणवाडीचा माणूस भेटला की विचारायचा, "काय पावणं, आज कुणाच्या गळ्यात?" दौलतराव हजर असले की ते उठून बाहेर जायचे. एकदा मला म्हणाले, "मला ऐकवत न्हाई. सांगून टाकतो." मी त्यांना शपथ घातली.

आज दौलतराव नाहीत. शिकार कायद्यानं बंद झाली, दोन्ही बंदुका सरकारजमा झाल्या, आणि माझ्या पोटरीवरची रेघही पुसट झाली आहे. पण त्याच्या पुढच्या वर्षीची ती सकाळ मला लख्ख आठवते.

त्या खंडेनवमीला दौलतरावांनी ताटं स्वतः मांडली, दोन, लांब लांब. घर फुटेल म्हणून मामी कुरकुरल्या. "फुटू दे," ते म्हणाले आणि तिथून हललेच नाहीत. शिकारीच्या सकाळी हौसा नेहमीपेक्षा लवकर न्हाऊन तयार होती. तिला आग्रह करावा लागला नाही. तिनं पदर घेतला, भावाच्या ताटातलं लाल काडतूस उचललं आणि उजव्या नळीत सोडलं.

ते नळीच्या तोंडाशीच थांबलं. बुडाचं पितळ बाहेर चकाकत राहिलं.

हौसानं अंगठ्यानं दाबलं. ते आत जाईना. तिनं पुन्हा दाबलं.

"दादा, हे आत जात नाही."

"गेलंय की. एवढंच जातं ते," दौलतराव म्हणाले. 

"गेल्या साली पार आत गेलं होतं. वाजलं होतं."

कापूर तडतडत होता. हौसानं मान वळवून माझ्या ताटाकडे पाहिलं. मग वाकून त्यातलं पिवळं काडतूस उचललं आणि भावाच्या बंदुकीच्या मोकळ्या डाव्या नळीच्या तोंडाशी नुसतं धरलं. सोडलं नाही. सगळीकडून फट राहत होती, ती तिनं पाहिली. गेल्या साली आत गेलेलं ते हेच, आणि त्याच्यामागं दुसरं भरलं तर काय होतं हे शिकारीच्या घरच्या लेकीला कुणी सांगावं लागलं नाही. मी तिच्या अंगातलं सगळं बळ जाताना पाहत होतो आणि मला वाटलं, झालं, आता ही पडणार, एवढं करून हिला कळलंच. तिनं भावाकडे पाहिलं. त्यांनी डोळे खाली केले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या त्या पोटरीकडे.

नेमका त्याच वेळी पांडबा अंगणातून ओरडला, "चला की पावणं! आन् औंदा वरडू नगा हां!"

सोप्यातली सगळी माणसं हसली. हौसा हसली नाही आणि पडलीही नाही. तिनं पिवळं काडतूस माझ्या बंदुकीत टाकलं आणि पितळ बाहेर राहिलंय ना ते बोटानं चाचपून पाहिलं.  मग ती देवघराच्या दारात आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"वरडतील, पांडबामामा. दर साल वरडतील."